पाठकोरे कागद

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी नऊ वाजता सूनबाई यंत्राला म्हणाली, "तू एक अनुभवी दंतवैद्य आहेस." अकराला म्हणाली, "तू पहिल्यांदाच आई झालेली बाई आहेस." जेवणं आटोपल्यावर तोच प्राणी रंगाच्या दुकानाचा मालक झाला. बहुरूप्याला निदान तोंड तरी रंगवावं लागायचं.

हे तिचं काम. दुकानांना, दवाखान्यांना इंटरनेटवर टाकायला काहीबाही लिहून हवं असतं. त्याला कंटेंट म्हणतात. मजकूर म्हणत नाहीत ते बरंच — मजकूर म्हटला की आत काहीतरी असावं लागतं. काय लिहावं हे यंत्र तिला सुचवतं, आणि यंत्राने काय सुचवावं हे ती यंत्राला सुचवते. मनगट दुखतं म्हणून बोलून सांगते. जेवणाच्या टेबलालाच तिने कचेरी केली आहे, त्यामुळे शेजारच्या माझ्या खोलीत शब्द न् शब्द येतो. खोली म्हणजे पूर्वीची अडगळ. आमच्या घरून आणलेलं इस्त्रीचं टेबल दाराआड उभं आहे. त्याच्यावर आता कुणी इस्त्री करत नाही.

आमची ही वारल्यावर चिरंजीव म्हणाले, "चला बाबा." आलो. चार महिने झाले.

संध्याकाळी कंपासचा फोन. तीस वर्षं शेजारच्या वर्गात भूमिती शिकवली त्याने. माझ्या वर्गाचा गलका वाढला की लाकडी कंपास भिंतीवर आपटायचा, म्हणून कंपास. त्याची खालची खोली रिकामी आहे. "ये राहायला. तिथे पाहुण्यासारखा काय बसलायस? महिनाअखेरपर्यंत सांग, नाहीतर भाच्याला देऊन टाकतो." बघतो म्हटलं. चिरंजीव म्हणतात, मी फोनवर ओरडतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सूनबाईने आज मानेच्या उशीवर बारा लेख लिहून घेतले! सातवीच्या पुस्तकात चंद्राच्या वाट्याला दीड पान आलं होतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

यंत्राला जे सांगायचं त्याला प्रॉम्प्ट म्हणतात, हे आज कळलं. शाळेच्या नाटकात मी दरवर्षी प्रॉम्प्टर असायचो. विंगेत स्टुलावर बसायचं, हातात वही, आणि नटाची बोबडी वळली की हळूच शब्द पुरवायचा. पण नटाच्या तोंडात घालायला आधी कुणीतरी नाटक लिहिलेलं असायचं. इथे वहीच कोरी.

प्रत्येक कामाआधी ती एक पत्रक भरते आणि छापून समोर ठेवते. श्रोता कोण? वय? सकाळी उठल्यावर पहिलं काय करतो? कशाची भीती? काय बोललेलं खपत नाही? कधी बोलावं? आणि शेवटी — उद्देश. मग यंत्राला म्हणायचं, आता या माणसासाठी दहा विषय दे.

"समोरचा माणूस कळला ना बाबा, की विषय आपोआप सुचतात," ती म्हणाली.

माणूस कळायला पत्रक! मी छत्तीस वर्षं कविता शिकवली. समोर पन्नास पोरं. एकालाही विचारलं नाही, बाळा तुला कशाची भीती वाटते. कविता चालीत म्हटली. ज्याला लागायची त्याला लागली, नाही त्याने खिडकीबाहेर बघितलं. खिडकीबाहेर बघणारेही पुढे व्यवस्थित संसार करतात.

एक मात्र खरं. काम झालं की ती पाठकोरे कागद माझ्या टेबलावर आणून ठेवते. मी त्यांवर जुन्या कविता आठवतील तशा उतरवतो. पुढच्या बाजूला काय असतं ते बघत नाही. एकदा बघितलं होतं — "तुमचे दात तुमच्यावर रुसलेत का?" तेव्हापासून कागद थेट पालथाच घेतो.

९ फेब्रुवारी, रविवार

कानयंत्रं विकणाऱ्या कुणाचं काम आलंय. दुपारी पत्रक घेऊन माझ्या दारात उभी. "बाबा, हा श्रोता साधारण तुमच्याच वयाचा आहे. पाच मिनिटं बोलाल? सकाळी जाग आल्यावर पहिलं काय मनात येतं?"

मी म्हटलं, "मी नमुना नाही. तुझं ते सर्वज्ञ आहे ना, त्याला म्हातारा व्हायला सांग."

"बरं, बाबा," म्हणाली. दार हलकेच ओढून घेतलं.

जेवताना नेहमीचं. चमच्यांचा आवाज. चिरंजीवांची मान फोनमध्ये. सूनबाईने विचारलं, "गुडघा कसा आहे?" गुडघा आहे तसाच आहे. चार महिने गुडघा आणि "अजून वाढू?" यांपलीकडे या टेबलावर मराठी भाषा गेलेली नाही. आणि ही बाई दिवसभर लोकांना सुचवणार काय बोलायचं ते!

१२ फेब्रुवारी, बुधवार

नवल घडलं. मी पाणी पिऊन पेला खाली ठेवतोय तोच सूनबाई म्हणाली, "बाबा, भुजंगप्रयातात चौदा अक्षरं असतात ना?"

चौदा! "अगं बारा. चार य-गण. चौदा म्हणजे वसंततिलका." आणि मग टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं, लघु-गुरू-गुरू, लघु-गुरू-गुरू. चिरंजीवांनी मान वर केली. तिने वाजवून बघितलं. दुसऱ्या गणातच चुकली. पुन्हा दाखवलं. भाजी गार झाली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बारा अक्षरं तिला आता जमतात. चिरंजीवांना नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

रोज एक प्रश्न विचारते. तोही कसा, पाणी पिऊन झालं की. शुक्रवारी म्हणाली, "तुमच्या वर्गात चाल कोण बिघडवायचं?" एका बेसूर मुलीची हकीकत सांगितली. बाई प्रत्येक कविता एकाच चालीत म्हणायची, युद्धाची काय नि पाळण्याची काय. आता बस चालवते. मला थांब्यावर बघून तिने गर्दीच्या वेळी बस उभी केली आणि खिडकीतून अख्खं कडवं म्हटलं — त्याच चालीत. सूनबाई हसता हसता उठून बेसिनकडे गेली. चिरंजीव म्हणाले, "हे मला कधी सांगितलं नाहीत." त्यांनी कधी विचारलं होतं?

आज मात्र तिने प्रश्न विचारला आणि स्वतःच बावरली. "बाबा, आईंना कविता आवडायच्या?"

हिचं नाव कुणी काढत नाही या घरात. मला त्रास होईल म्हणे. मी सांगितलं — नाही. तिने आवडतं असं कधी म्हटलं नाही. मी म्हणायचो, ती इस्त्री करायची. मला वाटायचं, भिंतीला ऐकवतोय. एकदा मधलीच ओळ विसरलो. थांबलो. तर तिने मान वर न करता, कॉलरवरची इस्त्री तशीच पुढे नेत, ओळ पुरवली. नंतर विषयही काढला नाही.

सूनबाईने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

आता मला सांगा, हे यंत्राला सुचेल? त्याला हजार पत्रकं भरून द्या!

२० फेब्रुवारी, गुरुवार

कंपासला कळवलं, येत नाही.

"सुनेने जिंकलं म्हण की," तो म्हणाला.

म्हटलं, "अरे, दिवसा डबड्यासमोर बसून भिकार काम करते. पण जेवायला बसली की माणूस असते."

"जोरात बोलू नकोस, ऐकेल," तो म्हणाला. ऐकू दे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पाठकोऱ्या कागदावर आठवीतली एक जुनी कविता उतरवत होतो. तिसरं कडवं आठवेना. खिडकीकडे बघत कागद हातात फिरवत होतो, आणि नजर पुढच्या बाजूला गेली. जसं आहे तसं उतरवून ठेवतो.

"श्रोता: एकच. पुरुष, ७८. निवृत्त भाषाशिक्षक, कविता शिकवायचे. चार महिन्यांपूर्वी पत्नी गेली.
सकाळी उठल्यावर: इस्त्रीच्या टेबलाला हात लावतात. कुणी बघत नाही असं त्यांना वाटतं.
भीती: आपण या घरात पाहुणे आहोत.
काय खपत नाही: तब्येतीची चौकशी. कीव. माझं काम.
कधी बोलावं: पाणी पिऊन झाल्यावर. त्याआधी नाही.
उद्देश: त्यांनी मित्राकडे राहायला जाऊ नये.
जेवताना विचारण्यासारखे दहा प्रश्न सुचव. त्यांना चूक दुरुस्त करायला आवडतं, म्हणून दोन प्रश्नांत मुद्दाम चूक असू दे."

खाली दहा प्रश्न. पहिलाच — भुजंगप्रयातात चौदा अक्षरं ना? दुसरा, चाल कोण बिघडवायचं. पाचांपुढे पेन्सिलीने बरोबरच्या खुणा. पोरांच्या वह्यांत मी द्यायचो तशा.

चौदा अक्षरं! आणि मी मेजवानी मिळाल्यासारखा बोटं वाजवत बसलो. उशीचं, दातांचं आणि माझं एकच पत्रक.

जेवायला गेलो नाही. डोकं दुखतंय म्हणून आतून सांगितलं. कंपासला फोन केला, खोली आहे का अजून. "शुक्रवारपर्यंत ठेवतो. काय झालं?" हळू आवाजात म्हटलं, काही नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पेटी काढली. त्यात दोन सदरे भरले.

जेवताना पाणी प्यायलोच नाही. तिचे डोळे माझ्या पेल्यावर. मी पेल्याला हात लावत नाही, आणि ती प्रश्न विचारत नाही. चिरंजीव म्हणाले, "आज सगळे गप्प का?" चार महिन्यांत प्रथमच त्यांना गप्पपणा ऐकू आला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

कागद पुन्हा वाचला. राग ताजा करायला. तर तळाला बारीक अक्षरांत यंत्राची सूचना दिसली. परवा तिथवर गेलोच नव्हतो. "पत्नीचा विषय काढू नये. दुःख ताजे आहे, श्रोता संवाद थांबवण्याची शक्यता आहे."

त्यावर आडवी काट. पेन्सिलीची, दोनदा ओढलेली. बाजूला तिचं अक्षर: "हे मी माझं विचारणार."

म्हणजे सतरा तारखेचा, हिच्याबद्दलचा प्रश्न त्या दहांतला नव्हता.

बराच वेळ कागद मांडीवर होता. तरी राग गेला असं नाही. मनात म्हटलं, थांब. तुझं पत्रक मी भरतो. तुझ्याच भाषेत, तुझ्याच रकान्यांत, आणि ठेवतो तुझ्या त्या कचेरीवर. कळू दे नमुना होणं म्हणजे काय ते. एक पाठकोरा कागद घेतला, लेखणी घेतली, छान वळणदार अक्षरात रकाने पाडले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

श्रोता: एकच. सून. लग्न होऊन या घरात आली त्याला अकरा वर्षं.
वय: चाळीस? बेचाळीस?
सकाळी उठल्यावर: 
भीती: 
काय आवडतं: 
काय खपत नाही: 
माहेरी कोण कोण: आई आहे. भाऊ असावा.
मनगट कधीपासून दुखतं: 

कालपासून एवढंच. आज दिवसभर दार उघडं ठेवून ऐकत बसलो होतो. ती चार वेळा चार जणांसारखी बोलली. तिच्यासारखी एकदाही नाही. किंवा बोललीही असेल, मला ओळखू आलं नसेल.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवताना थांबलो, तिचं पाणी पिऊन होईपर्यंत. मग विचारलं, "तुमच्या शाळेत कविता कोण शिकवायचं गं?"

चमचा हातातच राहिला तिचा. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खोलीच्या दाराकडे, टेबलावर पाठकोरे कागद असतात तिकडे.

"बाबा," ती म्हणाली, "हा कितवा प्रश्न?"

"पहिला," मी म्हटलं. "अकरा वर्षांतला."