वालाचा मांडव

लोहारा, यवतमाळ
९ नोव्हेंबर २०२५, रविवार

चि. सोनू हिस,

गंगीचा आशीर्वाद. जय सेवालाल. तुझ्या याडीले अन् रूपसिंग व्याह्यांना माझा रामराम सांग. इकडे सगळे बरे आहेत. सगळे म्हणजे आम्ही मायलेक दोघंच, मी अन् भारत. सातवीनंतर एवढं मोठं काही लिहिलं नाही, अक्षर सांभाळून घे. फोनवर तू हं म्हणते, मी हं म्हणते, अन् भाजी काय केली एवढं विचारून ठेवून देतो.

थंडी पडून राह्यली. परसातल्या तुझ्या वालाले जांभळी फुलं लागली. सकाळी मांडवावर पिवळ्या पोटाचं एक लाह्यनं पाखरू येते, बाकदार चोच फुलात खुपसते अन् क्षणभर हवेतच थांबते. मी मागच्या पायरीवर बसून पाहते, तर भारत म्हणतो, याडी, चहा थंडा झाला.

मेथी मी पहिल्यांदा बोटभर खोल पेरली, उगवलीच नाही. दुसऱ्यांदा वरून माती नुसती भुरभुरली तर चौथ्या दिवशी वर आली. वांग्याची चार झाडं आहेत, दोन माणसांना खाऊन उरते. भांडे धुतलेलं पाणी आता मोरीत जाऊ देत नाही, गोडलिंबाले टाकते. सांभार खुडला की बोटांना कोथिंबिरीचा वास राहते. लवकर हात धुवावे वाटत नाही.

तू म्हणशील, या बाईले काय झालं. पायाला माती लागली तरी जिचं डोकं उठे, ती हे लिहून राह्यली. पण झाडांचंच लिहीत बसली तर कागद संपेल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारची लालीबाई नातवाच्या बारशाचे पेढे घेऊन आली. तू परसात होती, हात मातीनं भरलेले. तिच्यासमोर मी म्हटलं, "घरात पाळणा हालत नाही अन् ही झाडं पोसून राह्यली." तू उठली. हात धुतले, पिशवी भरली. भारतनं तुले माहेरी फुलसावंगीले जाणाऱ्या जीपमध्ये बसवून दिलं. मले वाटलं, आठ दिवसांत येते.

आली नाही तर मले राग आला. स्वतःचा नाही, तुझा. खोटं कशाले लिहू. परसात गवत माजलं. एक दिवस इळा घेऊन गेली अन् सगळंच कापायले लागली. भारतले म्हणणार होती, फरशी टाकून घे. भेंडी गेली, दोडक्याचा वेल गेला. वालाच्या मांडवाशी पोचली तेवढ्यात भारत ड्युटीवरून आला. डबा हातातच होता.

"याडी, कायले तोडून राह्यली?"

"जिची हौस होती ते गेली," मी म्हटलं.

तो वाफ्याच्या विटांवर बसला. "तिच्यात काही कमी नाही. डॉक्टरनं दोघांची तपासणी केलती. कमी माझ्यात आहे. दोन वर्षं झाली."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"मी सांगणार होतो. तीच नको म्हणाली. म्हणे, याडी तुमच्याकडे पाहून रोज झुरतील. मले बोलतात ते बोलू द्या."

सोनू, मी तिथंच बसली. दोन वर्षांत तुले काय काय बोलली ते एकेक आठवत गेलं. लालीबाईच्या सुनेच्या, बबिताच्या, ओटीभरणात तुले मागं उभं केलं, तेही. अशा प्रत्येक दिवशी संध्याकाळी तू परसात जात होती. मी म्हणायची, कामाचा कंटाळा आहे. तू कायले जात होती, ते मले त्या दिवशी समजलं.

दुसऱ्या दिवसापासून मी गवत काढायले लागली. दुसरं काही सुचलं नाही.

मागच्या गुरुवारी लालीबाईले बोलावलं अन् मागच्या दारी बसवलं. म्हटलं, "माझ्या सुनेत काही उणं नाही. मी चुकीचं बोलली." ती म्हणाली, "मग?" मी दाराकडे पाहिलं. भारत आतून ऐकत होता. तो बाहेर आला अन् स्वतःच म्हणाला, "माझ्यात आहे, मावशी." लालीबाई पदराचं टोक गुंडाळत बसली. मग म्हणाली, "वांगी देता का दोन?" मी सहा दिली.

आणखी एक. तुम्ही दोघं लेकरू दत्तक घ्यायचं बोलत होते अन् माझ्या धाकानं अर्ज भरला नाही, हे भारतनं सांगितलं. मी म्हणते, भरा. पोरगी असो का पोरगा. कोणाचं आहे, कोणत्या जातीचं आहे, मी विचारणार नाही.

२३ तारखेच्या रविवारी भारत तुले भेटायले येते. मी पण सोबत येईन, पण फुलसावंगीच्या स्टँडवरच थांबीन. घरी यायचं का नाही ते तू सांग. नाही म्हटलं तर भारतजवळ वालाच्या शेंगा देईन अन् तिथूनच वापस जाईन.

चुकलेली,
गंगी


फुलसावंगी
१५ नोव्हेंबर २०२५

ती. याडीस,

सोनूचा नमस्कार. पत्र पोचलं. मी दोनदा वाचलं, मग माझ्या याडीनं वाचून घेतलं अन् ती रडली. मी रडली नाही.

पाळण्याचं बोलणं मी विसरली नाही. कधी विसरीन का, तेही माहीत नाही. पण लालीबाईचं वाचलं तेव्हा मी कागद ठेवून अंगणात गेली, बराच वेळ आत आली नाही. यांनी तिच्यासमोर स्वतःहून तोंड उघडलं, हे मले फोनवर यांनीही सांगितलं नव्हतं.

वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर आता मावा दिसेल, बारीक काळे किडे. घाबरू नका. राख चाळून घ्या अन् सकाळी पानांवर दव असताना भुरभुरा.

दत्तकाचा अर्ज भरला की संस्थेचे लोक घर पाहायले येतात. घरातल्यांशी बोलतात, तुमच्याशीही बोलतील. तेव्हा तुम्ही त्यांना काय सांगाल, ते मले आधी तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. लोहाऱ्याला यायचं ते मी त्यानंतर ठरवीन. म्हणून २३ तारखेले स्टँडवर थांबू नका. यांच्यासोबत घरी या. आधी जेवू, मग बोलू.

तुमची सून,
सोनू