एकाहत्तर किलो

दिनांक १४, मंगळवार, सकाळचे आठ

तीर्थरूप सौ. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. गुडघा बरा आहे हे वाचून समाधान वाटले. माझा खोकला आहे तसाच आहे. भंगाराच्या आवारात बसून फुप्फुसे शाबूत राहावीत ही अपेक्षाच गैर.

शेवटी तू लिहितेस, "सारखं भावोजी भावोजी काय लावलंयस? आणि मला सौ. कशाला? माझं लग्न झालं असतं तर मला कळलं नसतं का? कपाटात पुरुषाचे सहा शर्ट निघाले, आधीच्या भाडेकरूचे असतील. पाच देऊन टाकले." तू हे थट्टेत लिहिले आहेस. मी ते उभ्याने वाचले आणि मग बसलो.

म्हणून क्रमाने लिहितो.

माझे काम तुला ठाऊक आहे. आत शिरणारी गाडी काट्यावर घ्यायची, वजन लिहायचे. बाहेर पडताना पुन्हा घ्यायची. भंगाराखेरीज आत काय उतरते, हेही मला बावीस वर्षे ठाऊक होते. मालकाला नकोशी झालेली माणसे ताडपत्रीखाली येतात. आवाराच्या मागे पत्र्यांनी झाकलेला खड्डा आहे. त्यात दगड टाकला तर आवाज येत नाही. मी एकदाच वाकून पाहिले, भर दुपारी. खाली तारे होते. आपल्या आकाशातले नव्हेत. मी पाहत असताना ते सगळे एकदम मिटले आणि उघडले; पापणी लवते तसे.

तो खड्डा माणसाबरोबर त्याची आठवणही घेतो. घरचे शोधायला येत नाहीत. मारणाऱ्यांनाही कोणाला मारले ते आठवत नाही. स्वतःच्या हाताने वजन लिहिणारा मी तेवढा विसरत नाही. मालक हसतो, "साहेब, माणूस गेला म्हणायचं तर कुणीतरी रडायला नको का? दाखवा, रडतंय कोण?"

भावोजी याच आवारात गाडी चालवत. मीच त्यांना इथे चिकटवले होते. एकदा त्यांनी ताडपत्री उचलून पाहिली आणि तडक माझ्या खोलीत आले. "मेव्हणे, उद्या मी पोलिसांत जातो. तुम्ही नुसत्या वजनाच्या पावत्या द्या, शिव्या मी खाईन."

मी 'बघू' म्हणालो. मग मालकाच्या कानावर घातले. समज देऊन सोडतील असे वाटले, असे लिहिणार होतो. ते खोटे ठरेल. काय होणार ते मला माहीत होते.

दुसऱ्याच दिवशी त्यांचीच गाडी काट्यावर आली. चालक दुसरा. नियमाप्रमाणे मी त्याला खाली उतरवले. रिकाम्या गाडीपेक्षा काटा एकाहत्तर किलो जास्त दाखवत होता. ताडपत्री हलली. मी आकडा लिहिला, सही केली आणि गाडी आत सोडली.

ते कधीच वेळेवर येत नसत, म्हणून तू त्यांना 'आमचं घड्याळ' म्हणायचीस. सत्तावीस वर्षांच्या संसारातले तुझ्याकडे एवढेही उरलेले नाही. तुला दुःख नाही, म्हणून मला शिव्या देणारेही कोणी नाही. इतकी सोय कोणत्याही गुन्हेगाराची झाली नसेल.

काल मी मालकाला प्रथमच भावोजींबद्दल विचारले. "कोण भावोजी?" तो म्हणाला. मला मात्र आठवते, हे त्याला तिथेच कळले. "उद्या दहाला मागे या, साहेब. पत्रे बदलायचेत."

पळता येईल, पण खड्ड्यातल्या त्या डोळ्याने मला पाहिले आहे. मी पायी जाणार, म्हणजे माझे वजन कोणी लिहिणार नाही. कागद मात्र राहतात, हे मी तपासले आहे. त्या एकाहत्तर किलोंची पावती सोबत जोडली आहे.

हे पत्र मिळेल तेव्हा तुला भाऊही नसेल. परक्याचे म्हणून वाच, पण फाडू नकोस. सहावा शर्ट कोणाला देऊ नकोस. जमले तर तो हातात घेऊन थोडे रड. त्यांच्यासाठीच. मला त्यातून वगळ.

तुझा, आज दहा वाजेपर्यंत,
धाकटा भाऊ