अक्काने नेलेल्या गोळ्या

चिंचवड, शनिवार

तीर्थरूप उद्धवराव दाजी यांस धाकटा मेहुणा किसन याचा नमस्कार. (साष्टांगच घातला असता, पण रोज सुई टोचून डावा हात सुजलाय.) कुरुळीत आपली तब्येत, म्हैस आणि सकाळचं डोकं कसं आहे? माझं यकृत उत्तम आहे. त्याचीच काळजी लागून राहिली आहे.

कंपनीला टाळं लागल्यापासून थेरगावच्या खोलीत बसून बसून जीव आंबला होता. म्हणून इथल्या दवाखान्यात, दुखण्यावरच्या साध्या गोळीने यकृताला काय होतं ते बघायच्या प्रयोगात चौदा दिवसांसाठी नाव घातलं. दिवसाला आठ गोळ्या गिळायच्या आणि सकाळी रक्त द्यायचं, एवढंच काम. बिडी बंद, दारू बंद, फाटकाबाहेर पाऊल बंद. दिवसभर पंख्याची पाती मोजतो (तीनच आहेत, तरी मोजतो).

आता सांगा दाजी, मला कुठेच दुखत नाही. धडधाकट माणसाने दुखण्याची गोळी खाणं म्हणजे जेवलेल्याला पुन्हा पानावर बसवणं. इकडे अक्काचे गुडघे आठवायचे. मग गोळी गालात धरायची, नर्सबाईंना रिकामी जीभ दाखवायची आणि त्यांची पाठ वळली की गोळी उशीच्या अभ्र्यात. गेल्या रविवारी अक्का भाकरी घेऊन भेटायला आली, तेव्हा सहा दिवसांच्या अठ्ठेचाळीस गोळ्या तिला बांधून दिल्या. ती माझी दृष्ट काढून, कानशिलावर कडाकडा बोटं मोडून गेली.

घोळ मंगळवारी झाला. इतरांच्या रक्तात यकृताचे आकडे चढले, माझे जागचे हलले नाहीत. डॉक्टर हरखले. पुण्याहून मोठ्या डॉक्टरांना घेऊन आले, दोघांनी कौतुकाने माझं पोट दाबलं. काही माणसांना आठ गोळ्या खुशाल सोसतात, असं आता छापून येणार म्हणे. तेव्हापासून मला बसवत नाही, निजवत नाही. खरं सांगावं तर हाकलतील, गप्प बसावं तर माझ्या यकृताच्या भरवशावर कोणीतरी आठ आठ गोळ्या खाईल. आणि कोणीतरी कशाला, अक्काच खात असेल! तिच्या गोळ्या आजच बंद करा. भीती वाटते, दाजी.

आपला, अजून आतच असलेला,
किसन

ता. क. आज रविवार. अक्का आत्ता येऊन आणखी गोळ्या मागत होती. तिने स्वतः एकही खाल्लेली नाही. म्हणाली, "मला काय धाड भरलीय? ह्यांचंच डोकं रोज सकाळी ठणकतंय. तीन टायमाच्या च्यात दोन-दोन कुटून घालते. गूळ जरा जास्त टाकते." तेव्हा वर जिथे अक्काची काळजी केली आहे, ती आपलीच समजावी.

दुसरा ता. क. मी डॉक्टरांपुढे सगळं ओकलो. त्यांनी माझ्या नावावर रेघ मारली आणि एकच विचारलं, "दाजी पितात का?" मी हो म्हटलं, तर म्हणाले, दारूवर ही गोळी यकृताला जास्तच बाधते. उद्या पहिल्या एसटीने रक्त द्यायला उपाशी पोटी या. (उपाशी म्हणजे तेही न घेता.)

तिसरा ता. क. पत्र अक्काच्याच हाती देतोय, तिला वाचता येत नाही. गोळ्या परत दे म्हणून पाया पडलो, तर डोळ्यांत पाणी आणून म्हणते, "त्यांना बाटली सोडू दे, मग मी बी गोळी सोडते." तिच्या पदराला अजून सहा बांधलेल्या आहेत, आणि घरी पोचल्या पोचल्या ती तुमच्यासाठी चहा टाकणार आहे.