माझंपण नाव बंदीत

बुधवार, १२ नोव्हेंबर. वोल्फ्सबुर्ग, जर्मनी.

अमोलनं आज मला डाळिंब सोलून दिलं. वाटीभर, वर चमचा. माझ्या लेकाला आईचा पुळका असा अचानक येत नाही, तेव्हाच ओळखायला नको होतं का मी?

"आई, तुझ्या पासपोर्टचा फोटो काढू? विम्याला लागतोय."

विमा म्हणे! उन्हाळ्यात यानंच रडत रडत त्या ऑनलाइन कॅसिनोची स्वतःवर बंदी घालून घेतली. श्पेरं म्हणतात इथे. एकदा नाव टाकलं की कुठलाच कॅसिनो त्या नावाला खेळू देत नाही. मग आता याला नवं नाव हवं. आईचं.

मी आधी डाळिंब सगळं संपवलं, का सोडू?

मग त्याच्यादेखतच सुनेला हाक मारली. "रश्मी, त्या बंदीत माझंपण नाव टाक गं."

"अगं, तू कशाला? तू कधी पत्ते तरी खेळलीस का?" अमोल म्हणाला.

"म्हातारपणी चटक लागली तर? नवरा नाही विचारायला, मोकळीच आहे मी."

एरवी माझ्या असल्या बोलण्यावर आधी तोच हसतो. आज खाली मान घालून आत गेला.

रश्मीनं लॅपटॉपवर माझं नाव भरलं. मी म्हटलं, "तुझंही टाकून ठेव बाई."

"माझं मी कधीच टाकलंय, आई," ती मान वर न करता म्हणाली.

म्हणजे खेळायला त्यानं आधी तिचं नाव मागितलं होतं. आणि मी इतके दिवस तिलाच टोचत होते, नवऱ्याशी जरा गोड बोलत जा म्हणून.