नितीनचा नंबर

मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय आज. राजूरचा प्लॉट विकून नितीनची डिजिटल मार्केटिंग एजन्सी घ्यायची, म्हणून दोन महिन्यांपासून मीनाला पटवून राह्यलो. आज करार वाचायला त्याच्या ऑफिसात गेल्तो. बसलो तेवढा वेळ टेबलावर त्याचा फोन वाजतच होता. कधी बियाणेवाले, कधी क्लासवाले. सगळ्यांचं एकच, "नितीनभाऊ, आपली पोस्ट टाका ना जल्दी."

मी सहज विचारलं, "हा नंबर एजन्सीसोबतच येईल ना?"

"न्हाई हो दादा, हा तर माझा घरचा नंबर. पुण्याला गेल्यावर लागंल मला. कोणाचा फोन आला तर बराबर तुमच्याकडं पाठवीन."

पाठवीन म्हणे! मंग मी घेऊन काय राह्यलो? दोन कम्प्युटर, चार खुर्च्या आणि भाड्याची जागा? गिऱ्हाईक तर त्या फोनात बसून पुण्याला चाललं.

घरी येऊन मीनाला सांगितलं. ती म्हणाली, "एवढं साधं आधी कसं न्हाई विचारलं तुम्ही?" उगाच तिच्यावर खेकसलो. चूक तिची बिलकुल न्हाई.

खरी चीड माझीच येते. माझ्या पाइपच्या दुकानाच्या जाहिराती तीन वर्षांपासून हाच करतो. माझ्या फोनात तो 'नितीन जाहिरात' म्हणून आहे. त्याच्या एजन्सीचं नाव काय, हे मला आज करारात वाचून कळलं.