एकोणतीस सेंटिमीटरचा गरम खण

ती. ताईस,

ओट्याखालची नऊ कपाटं, त्यांची सतरा दारं, कोपऱ्यातलं फिरतं फडताळ (पूर्ण गोल फिरतं, दुकानातली पाऊणच फिरतात), ओव्हनचं उभं कपाट (दोनदा) आणि ज्याच्यासाठी हे पत्र लिहितोय तो गरम खण, एवढं सगळं गेल्या चार महिन्यांत मी या दोन हातांनी केलं. तेच हात जोडून तुला नमस्कार. साष्टांग घातला असता, पण फरशीवर आडवं पडून कपाटांचे पाय लेव्हलला आणताना उजवा गुडघा कामी आला, तेव्हा उभ्यानेच गोड मानून घे. तुझी पाठ कशी आहे? दाजींची साखर आटोक्यात आहे ना? अण्णांची काळजी करू नकोस. या वयातही ते दूर हॉलमध्ये बसून माझ्या ड्रिलच्या आवाजावरून भोक वाकडं पडलं की सरळ ते सांगतात, आणि दुर्दैवाने बरोबर सांगतात.

स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यांच्या मागण्या लेखी मागवल्या. मुलांनी पानभर लिहिलं. तुझ्या भावजयीने एकच ओळ लिहिली : मला एकदा तुमच्याबरोबर बसून गरम जेवायचंय. आपल्या घरातलं जेवण तुला ठाऊकच आहे. अण्णा पहिल्या घासाला "गार आहे" म्हणतात, ही उठते, गरम करून आणते. तोवर मोठ्याचं गार होतं, मग धाकटीचं, आणि सगळ्यांचं आटोपल्यावर ही ओट्याला टेकून, उभ्याउभ्या, सगळ्यात गार जे असेल ते खाते. बावीस वर्षं असं चाललंय. माझ्या ते कधी लक्षात आलं नाही, कारण जेवताना माझी पाठ ओट्याकडे असते. (नव्या आखणीत टेबल फिरवलं आहे.)

मग मी सहा शोरूम पालथी घातली. ताई, ओव्हन म्हणजे नुसता ओव्हन असा माझाही समज होता. पंख्याचे असतात, वाफेचे असतात, पोटात मायक्रोवेव्ह असलेले असतात आणि एक तर स्वतःला स्वतः साफ करणारा निघाला (तो मोठ्याला दाखवायला नेणार आहे, ओव्हन घ्यायला नव्हे, धडा घ्यायला). मी माझा थर्मामीटर बरोबर नेत होतो. विक्रेत्याला एकशेऐंशी लावायला सांगायचं, वीस मिनिटं थांबायचं आणि मोजायचं. एका चकचकीत ओव्हनने एकशेत्रेसष्ट दाखवले. कंपनीचं नाव लिहीत नाही, वहीत आहे. तिसऱ्या शोरूममधला टाय लावलेला विक्रेता कंटाळून म्हणाला, "साहेब, पण तुम्ही यात नक्की काय भाजणार?" ते विचारायला मला घरी फोन करावा लागला.

तिथेच मला तो खण दिसला. ओव्हनच्या खाली बसणारा, ढकलला की उघडणारा, शिजलेलं अन्न नुसतं गरम राखणारा. हिने लिहिलेली ओळ जणू कुणी स्टीलमध्ये बनवून ठेवली होती. मी त्यांच्या फरशीवर आडवा झालो आणि टॉर्च मारून खालून पाहिलं. तापणारी प्लेट, थर्मोस्टॅट, बारका पंखा, सरकायला चॅनल आणि भोवती उष्णता अडवायला लोकरीसारखा एक थर. झालं. एवढ्यासाठी ओव्हनच्या दुप्पट किंमत. ओव्हन विकत आणायचा आणि खण घरी करायचा, हे मी आडवा असतानाच ठरवलं. दाजींना फोनवर सांगितलं तर म्हणाले, विजेवर चालणारी वस्तू विकत घ्यायची असते, बनवायची नसते. (दाजींकडे पदवी आहे. माझ्याकडे करवत आहे.)

आता जी चूक झाली ती माझ्याच तोंडून ऐक, अण्णांच्या नको. सगळे जाणकार सांगतात की ओव्हनची काच डोळ्यांच्या रेषेत हवी. मी ती एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटरवर बसवली, केसभरही इकडेतिकडे नाही. कुणाचे डोळे, हा प्रश्न पडला नाही, कारण मापाच्या वेळी माझेच हजर होते. हिची टाचेपासून डोक्यापर्यंतची सगळी उंची एकशे सत्तेचाळीस. ओव्हनसमोर उभी राहून तिने शांतपणे विचारलं, "अहो, आत काय चाललंय ते रोज तुम्ही बघून सांगणार का?" धाकटी लगेच स्टूल घेऊन आली. पण हातात तापलेला ट्रे आणि पायाखाली स्टूल, हे काही मला बघवेना. दोन दिवसांत अख्खं कपाट उतरवलं, ओव्हन एकतीस सेंटिमीटर खाली घेतला, खालची सगळी आखणी मोडली आणि बेरीज-वजाबाकी करताना असं निघालं की खणाला चौदाऐवजी एकोणतीस सेंटिमीटर मिळताहेत. ताई, कंपनीचा खण चौदाचा. त्यात ताटं मावतात. एकोणतीसमध्ये पातेली मावतात, झाकणासकट. पुढचा अर्धा तास मी तिथे नुसता टेप धरून उभा होतो.

चाचण्या तीन झाल्या. पहिलीत नव्वद अंश लावले आणि मेलामाइनच्या प्लेटची होडी झाली. दुसरीत पंखा जोरात होता, भाताचे छर्रे झाले. तिसरीत पंखा मंद केला, आत पाण्याची एक वाटी ठेवली, पासष्ट अंश लावले आणि दर दहा मिनिटांनी नोंद करत दोन तास बसलो. काटा एका अंशानेही हलला नाही.

रविवारी अकरा वीसला पातेली आत गेली आणि साडेबाराला पाचही जणं टेबलाशी बसलो. पाचवी खुर्ची माळ्यावरून काढावी लागली. अण्णांनी पहिला घास घेतला. आम्ही चौघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ही सवयीने अर्धी उठलेली. अण्णांनी घास या गालातून त्या गालात फिरवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "भाजलं."

ही खाली बसली. जेवली. अर्ध्या जेवणात तिने ताट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "उठा, वाढा जरा." बावीस वर्षांत हे वाक्य या घरात मी पहिल्यांदा ऐकलं. मी उठलो, खण ढकलला, वाढलं. वाफ आली.

अण्णांचे आशीर्वाद, मुलांचे नमस्कार. तुम्ही दोघं लवकर या, खुर्च्या आणखी दोन करतोय.

तुझा धाकटा

ता. क. : पत्राचं खरं काम राहिलंच. दाजींकडून एका ओळीत लिहून घे की विजेवर चालणारी वस्तू घरी बनवता येते. खाली सही आणि तारीख. मोबाइलवर नको, कागदावर. कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची जागा ठेवली आहे, बारा बाय आठ.

ता. क. २ : खणाची वायरिंग आणि अर्थिंग मात्र लायसनवाल्या वायरमनने केली. हिने त्याशिवाय प्लग लावू दिला नाही. सही होईपर्यंत हे दाजींना कळता कामा नये.

ता. क. ३ : ओव्हनच्या तपासणीला तोच टायवाला आला होता. त्याने खणात हात घातला, खोली मोजली आणि दुसऱ्या दिवशी मालकांनाच घेऊन आला. खण, त्याचं रेखाचित्र आणि माझी तापमानाची वही असं तिन्ही त्यांना हवं होतं. शोरूममध्ये माझ्या नावाची पाटीही लावणार होते. त्या वेळी ही टेबलाशी बसून जेवत होती, एकटीच, सावकाश, आणि आम्ही आलो तरी उठली नाही. मी त्यांना नाही म्हटलं. एक लाख दहा हजार देत होते.