भिंतीवरचे माझे हसू

मी, खाली सही करणारी, वय शहात्तर, सगळ्या गल्लीला पेंटरबाई म्हणून ठाऊक असलेली, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. चिरंजीवांना शंका असल्यास डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढील व्यवस्था मी राजीखुशीने करत आहे.

१. बँकेतली शिल्लक मुलीला. दागिने नाहीत, कपाट उचकू नये.

२. यजमानांची शिडी आणि ब्रश नातीला. तिचा हात त्यांच्यावर गेला आहे.

३. घर मुलाला. मात्र रस्त्याकडच्या भिंतीबाबत अट आहे.

त्या भिंतीवर यजमानांनी माझा चेहरा रंगवला तो दंतमंजनाच्या जाहिरातीसाठी. मी खाली शिडी धरून उभी, ते वर बेसूर गात होते, म्हणून मला हसू फुटले. तेच त्यांनी उतरवले. ते मंजन मी कधी दाताला लावले नाही. पुढे निवडणूक आली आणि त्याच चेहऱ्याखाली एका उमेदवारासाठी लिहिले गेले, ‘घरी नळ आला, काळजी मिटली.’ नळ आमच्याकडेही नव्हता. हंडा घेऊन त्या भिंतीसमोरून जाताना माझी मान खाली जायची.

समोरच्या शिंपीणबाईने मला तिथेच गाठले. "वहिनी, तुमच्या तोंडाकडे बघून मत दिलं मी. नळ कुठाय?" मी हंडा सावरून पुढे झाले. तिने बोलणे टाकले. यजमानांनी मजकुरावर चुना फासला. चेहऱ्यावर मात्र त्यांचा हात चालेना.

आता त्याच उमेदवाराचा मुलगा उभा आहे, आणि आमचे चिरंजीव त्याचा प्रचार करतात. म्हणतात, "आई, जुना चेहरा आहे, लोकांचा विश्वास बसतो. खाली फक्त नाव टाकायचं." माझ्या पोटचा पोरगा मला मेल्यावरही खोटे बोलायला लावणार! राग येतो, रडूही येते.

अट अशी: चेहरा राहू द्यावा, ऊनपावसाने जाईल तेव्हा जाईल. त्याखाली एक अक्षर लिहिले, तर घर मुलीचे. मी हसले होते ते शिडीवरच्या माणसाकडे बघून. त्यांची अजून फार आठवण येते.

साक्षीला शिंपीणबाईलाच निरोप धाडला आहे. येईल की नाही, ठाऊक नाही.

ठिकाण: राहते घर
दिनांक: मतदानाच्या आधीचा रविवार
सही: पेंटरबाई

साक्षीदार:
१. कोपऱ्यावरचे औषधवाले. बाईंनी माझ्यासमोर सही केली.
२. समोरची शिंपीण. माझ्यासमोरही केली. चष्मा घरी राहिल्याने कागद वाचलेला नाही. वहिनींच्या तोंडाकडे बघून सही करते.